पाचव्या ठिपक्याची लाली

जमनी राठोड माणसाला चेहऱ्याने ओळखत नाही, हाताने ओळखते. ढाणकीच्या बाजारात कोणी पुढे येऊन रामराम घातला की ती आधी त्याच्या मनगटाकडे पाहते, बाही थोडी वर सारते आणि मग म्हणते, "तू तीन सालाआधी यात्रेत आलता. मोर काढला तुले. सुईले नाही भ्याला, पन पाहाले भ्याला. सारा वेळ तिकडं तोंड करून बसला होता." माणूस हसतो, कारण ते खरे असते.

चाळीस वर्षे ती गोंदते आहे. तिचा तांडा ढाणकीपासून दीड कोसावर, सागाच्या विरळ झाडीला पाठ लावून बसलेला. तांड्याचे जुने लोक बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलूखभर फिरत. त्यांची नातवंडे आता कापूस आणि तूर पेरतात आणि एका जागी राहतात. जमनीचा धंदा तेवढा फिरता राहिला. आज हा बाजार, परवा तो, माघात एखादी यात्रा.

गोंदणे तिने सासूकडून घेतले. बसंतीबाई तीन सुया दोऱ्याने एकत्र बांधायची आणि दिव्याची काजळी पाल्याच्या रसात खलायची. जमनीकडे आता बॅटरीवरचे मशीन आहे. ते भुंग्यासारखे गुणगुणते आणि दर माणसाला त्यात नवी सुई बसवावी लागते. बाकी सगळे तेच. डाव्या हाताच्या बोटांनी कातडी ताणायची, उजव्याने टोचायचे. बघणाऱ्याचे लक्ष सुईकडे जाते, पण अवघड काम डाव्या हाताचे. कातडी सैल सुटली तर रेघ फाटते, रंग पसरतो, आणि माणूस जन्मभर दुसऱ्याची चूक अंगावर घेऊन फिरतो.

बसंतीबाईने आणखी एक गोष्ट शिकवली होती. ती बाहेर कोणाला सांगायची नव्हती.

सुई टोचली की ठिपक्यापुरती कातडी फुगते. मग एकदोन श्वास जातात आणि भोवती लाली पसरू लागते. गोऱ्या अंगावर ती कोणालाही दिसते. सावळ्या अंगावर तिरप्या उन्हात बघावी लागते, आणि काळ्याभोर अंगावर डोळ्यांना दिसतच नाही; बोटाची पाठ टेकवून तिची ऊब घ्यावी लागते. पण येते सगळ्यांना. गोष्ट सांगणाऱ्याला ऐकणाऱ्याने हुंकार द्यावा, तसा कातडी सुईला हुंकार देते. तो आल्याशिवाय पुढचा ठिपका टोचायचा नाही, हा बसंतीबाईचा नियम.

"अन् नाही आला तर?" जमनीने विचारले होते. तेव्हा ती नवी सून होती.

बसंतीबाईने सुई खाली ठेवली. "नाही आला तर समजजो, तिथं आपल्या देवीनं, सातीभवानीनं, हात ठेवेल आहे. तिथं टोचाचं नाही. अन् त्या मानसाले सांगाचंही नाही. सांगतलं का ती हात उचलते. अन् उचलताना बोटं घेऊन जाते."

चाळीस वर्षांत असे मुके हात जमनीला फार थोडे भेटले, पण एकही ती विसरली नाही. सभोवती बाजाराचा कल्लोळ, भज्यांचा वास, लाउडस्पीकरवर कीटकनाशकाची जाहिरात, आणि तिच्या बोटाखाली अचानक एक रिकामी जागा. सुई आत जाते, काळा ठिपका बसतो. लाली नाही, ऊब नाही. माणूस गप्पा मारतच राहतो, त्याला काही कळलेले नसते. एखाद्या घराच्या दारात उभे राहून हाक मारावी, आत चूल पेटलेली दिसावी, आणि तरी कोणी ओ देऊ नये, तसे तिला वाटायचे. ती पदर पुढे ओढून घ्यायची, "आज सुई बरी चालून नाही राह्यली" म्हणायची आणि नक्षी तिथेच आखडती घ्यायची.

तरीही बोटे जायची. दोन-चार वर्षांनी तोच हात बाजारात पुन्हा दिसायचा आणि करंगळी आत वळलेली असायची. पुढच्या खेपेला तिच्या शेजारचे बोटही. जमनीने कोणाला सांगितले नव्हते, मग सातीला कोणी कळवले? वर्षानुवर्षे मनात घोळवून तिने एकच उत्तर काढले. तोंडाने नाही, आपण चेहऱ्याने सांगितले असेल. आपल्या डोळ्यांत भीती उतरली, त्या माणसाने ती वाचली, आणि हात उचलला गेला. म्हणजे ती बोटे आपल्यामुळे गेली. ही गोष्ट तिने नवऱ्याला सांगितली नाही, तो वारला तोपर्यंत नाही.

तिचा मुलगा शाम बोलेरो चालवतो. त्याची बायको निकिता बारावी शिकलेली, हसरी, हाताला वळण असलेली. मोबाईलवर नमुने बघून वहीत अशी वेल काढायची की जमनीला आपल्या वेली जाड वाटू लागल्या. जमनीच्या डोळ्यांत पडदा येऊ लागला होता. मशीन आता निकिताच्या हातात जायचे, असे दोघींनी न बोलता ठरवले होते.

त्यांच्या घरची रीत अशी की शिकणारीने आधी स्वतःच्या हातावर घ्यायचे. शिकवणारी तिच्या डाव्या हातावर, कोपर आणि मनगट यांच्या मधे, सात ठिपके टोचते. दुसऱ्याला दुखवण्याआधी आपल्याला दुखले पाहिजे, म्हणून.

मागच्या माघातली सकाळ. अंगणात बाज टाकलेली, तिरपे ऊन. निकिता हात पुढे करून बसली. सासूला ती तांड्याच्या बोलीत याडी, म्हणजे आई, म्हणायची.

"याडी, बारीक टोचा. तुमच्या मशीनपेक्षा तुमचं तोंड जास्त टोचते म्हणे. तुमचंच पोरगं म्हणते."

"त्याचं तोंड बोलेरोच्या हॉर्नसारखं आहे. काही कारन नसताना वाजते."

निकिता हसली. जमनीने तिची कातडी ताणली आणि पहिला ठिपका टोचला. निकिता "आई गं" म्हणाली. श्वास गेला, लाली आली. दुसरा. लाली आली. तिसरा. चौथ्याला थोडा उशीर लागला, पण आली. पाचवा टोचून जमनी थांबली.

ठिपका काळा बसला होता. कातडी तेवढ्यापुरती फुगली होती. भोवती काही नव्हते. जमनीने बोटाची पाठ टेकवली. ऊब नव्हती. आता तिला दिसले की तिथे रुपयाएवढी जागा बाकी हातापेक्षा फिकट आहे, धुऊन धुऊन विटलेल्या कापडासारखी.

"टोचा ना," निकिता म्हणाली. "पाचवा टोचून का नाही राह्यल्या?"

जमनीने मशीन बंद केले आणि पदर डोळ्यांपर्यंत ओढला. "बॅटरी गेली."

निकिताने बॅटरीकडे पाहिले. तिच्यावरचा हिरवा दिवा लागलेलाच होता.

त्या दिवसापासून जमनीने सुनेकडे बघणे सोडले. तिच्या मते तिला वाचवण्याचा हा एकच उपाय उरला होता. चेहरा दिसला नाही तर चेहरा सांगणार नाही. ती निकिताशी पाठ करून बोलू लागली. ताट घेताना खाली बघायची. निकिता खोलीत आली की ही अंगणात, निकिता अंगणात आली की ही गोठ्यात. मशीन फडक्यात गुंडाळून ट्रंकेत गेले.

"तुमची याडी मले पाहूनच नाही राह्यली," एके दिवशी निकिता शामला म्हणाली. जमनी कुडाच्या पलीकडे होती. "माझं काय चुकलं? सांगा तरी."

"वय झालं तिचं. डोये गेले."

"डोये गेले अन् मी आली का बरोबर तोंड फिरवाले दिसते?"

शाम गाडीची किल्ली घेऊन उठला. जमनी हातातली शेणाची पाटी तशीच धरून उभी राहिली.

चैत्रात घरी मिरच्या आल्या. सासू-सून पोत्यावर पाठीला पाठ लावून देठ तोडत बसल्या. दुपारपर्यंत दोघींच्या हातांची आग होऊ लागली. निकिता पाणी घ्यायला उठली तेव्हा जमनीने पदराआडून पाहिले. सुनेचा हात कोपरापर्यंत लालबुंद झाला होता. त्या लालीच्या मधोमध एक फिकट तुकडा होता, पुराच्या पाण्यात उघडे राहिलेल्या बेटासारखा. तो आता रुपयाएवढा नव्हता. पाचवा ठिपका त्याच्या मधे होता आणि चौथा त्याच्या काठाच्या आत आला होता.

माघात चौथ्या ठिपक्याने लाली दिली होती. जमनीला ते नक्की आठवत होते.

त्याच आठवड्यात आरोग्य खात्याची आशा सेविका बेबीताई वही घेऊन तांड्यात आली. दरवर्षी यायची. दारात उभी राहून विचारायची तेच तिने विचारले. "जमनीमाय, घरात कोनाच्या अंगावर चट्टा? फिकट जागा, टोचलं तर समजत नाही अशी?"

"आमच्या इथं काही नाही."

"सूनबाईले बोलव ना. एका मिनिटाचं काम."

"ते माहेरी गेली."

आत भांडे वाजले. बेबीताईने जमनीकडे पाहिले, वहीकडे पाहिले, आणि पुढच्या घराकडे वळली.

मृगाच्या सुमारास निकिताच्या हातून चहाचा पेला दोनदा निसटला. दुसऱ्या वेळी ती खाली न वाकता नुसती आपल्या डाव्या करंगळीकडे बघत राहिली. जमनीने ते पाहिले आणि दुसऱ्या दिवशी सकाळची एसटी धरली.

पैनगंगेच्या काठच्या एका गावात मैनाबाई राहते. वीस वर्षांपूर्वी तिचा उजवा हात यात्रेत जमनीसमोर मुका निघाला होता. कुणब्यांची सून, घरी कापसाचे चांगले वावर. जमनीला तिला एकच गोष्ट विचारायची होती.

मैनाबाईने ओळखले. चहा ठेवला. उजव्या हाताची बोटे पंजासारखी वळलेली, दोन बोटांची टोके नव्हती. पेला तिने दोन्ही तळव्यांच्या मधे धरून आणला आणि न सांडता जमिनीवर टेकवला.

"एवढ्या दुरून काहून आली व?"

"एक विचाराचं होतं. तुह्या हातावर मी वेल काढली तवा..." जमनी थांबली. "तवा माझ्या तोंडाकडं पाहून तुले काही समजलं होतं का?"

मैनाबाई पदराने वारा घेऊ लागली. बाहेर पाऊस नव्हता, उकडत होते.

"तुहं तोंड कुठं दिसलं मले? मीच तुले विचारलं होतं, बाई, इथं दुखून काहून नाही राह्यलं. तू पदर ओढला अन् म्हने सुई बरी चालत नाही." ती पेल्याकडे बघत होती. मग तिने मान वर केली. "तुले मालूम होतं?"

जमनीचा हात आपोआप पदराकडे गेला.

"तुले मालूम होतं तवा," मैनाबाई पुन्हा म्हणाली. आवाज चढला नाही. "पाच सालं त्या हातानं भाकरी थापल्या मी. एक दिवस चुलीपाशी बसली होती तर जळल्याचा वास आला. म्हटलं, भाकर लागली का काय. भाकर तर ताटात होती. माझं बोट होतं व ते, तव्याले टेकेल."

जमनीने पेला उचलला नाही.

"मंग दवाखान्यात गेली. डाक्टर म्हने, कुष्ठरोग आहे, गोळ्यांनी बरा होते. झाला बी. पूर्न झाला. पन बोटं नाही आली. डाक्टर म्हने, चट्टा होता तवाच आली असती तर हात जसाच्या तसा राह्यला असता." तिने पेला जमनीकडे सरकवला. "घे, थंडा होऊन राह्यला. अन् ज्याच्यासाठी आली ना, त्याले जाऊन सांग. माझ्यापाशी बसून काय होते?"

जमनी परतली तेव्हा ऊन कलले होते. निकिता अंगणात धुणे वाळत घालत होती. जमनी तिच्यासमोर जाऊन उभी राहिली, डोक्यावरचा पदर मागे सारला आणि पाच महिन्यांत पहिल्यांदा तिच्या तोंडाकडे बघून सगळे सांगितले. लाली, सातीचा हात, मैनाबाई, माहेरी गेली म्हणून बेबीताईला दिलेली थाप. निकिता ओले लुगडे हातात धरून ऐकत होती. पाणी तिच्या पायांवर ठिबकत होते.

"पाच महिने," ती म्हणाली. "मले वाटलं, मले मूल नाही झालं म्हनून तुमी तोंड फिरवलं."

"नाही व माय."

"मी माहेरी जाणार होती, याडी. बॅग भरेल आहे आतमधी."

बॅग रिकामी करायला तिला दुसरा दिवस उजाडावा लागला. त्याआधी ती एकटीच बेबीताईकडे गेली. तालुक्याच्या दवाखान्यात तरुण डॉक्टरीणबाईंनी तिचे डोळे मिटायला लावून पेनाचे टोक हातावर ठिकठिकाणी टेकवले. चट्ट्यावर टेकवले तेव्हा निकिता काहीच बोलली नाही, वाट बघत राहिली. गोळ्यांची पाकिटे मिळाली, सहा महिन्यांची.

दोन महिने सुरळीत गेले. मग भाद्रपदात ते झाले.

सकाळी निकिता ओसरीत आली आणि हात पुढे धरून उभी राहिली. फिकट चट्टा उठला होता. ज्या जागेने चाळीस ठिकाणी टोचले असते तरी ओ दिली नसती, ती आता सुजून वर आली होती, तांबडी, चकचकीत. तिच्या काठाने कड उभी राहिली होती, आणि चौथा-पाचवा ठिपका तिच्यावर कातडीतून बाहेर यायला निघाल्यासारखे उंच बसले होते. जमनीने बोटाची पाठ टेकवली आणि काढून घेतली. तव्यासारखे तापलेले होते.

"दुखते?"

"इथं नाही दुखत. तुमी हात लावला ते बी नाही समजलं." निकिताने कोपराच्या आतल्या बाजूला दाखवले. तिथे कातडीखाली दोरीएवढी जाड शीर फुगली होती. "इथं मरनाचं दुखते. अन् हे पाहा." तिने पंजा उघडला. चार बोटे सरळ झाली. करंगळी झाली नाही.

तांड्यात बातमी पसरायला वेळ लागत नाही. दुपारपर्यंत चार म्हाताऱ्या येऊन बसल्या. एक एवढेच म्हणाली, "जमनी, तू सांगतलं ना तिले."

हे जमनीच्या मनात आधीच होते. तिने सांगितले होते, डोळ्यांत डोळे घालून सांगितले होते. आता जिवंत जागेला जाग येते तशी नव्हे, दुसऱ्याच कोणाची तरी जाग तिथे आली होती. मुक्या घरात कोणी ओ दिली होती, आणि तो आवाज ओळखीचा नव्हता. जमनीला वाटले, हात उचलला जातो आहे, आणि तो कसा उचलला जातो हे आपण उघड्या डोळ्यांनी बघतो आहोत.

शामने गोळ्यांचे पाकीट चुलीपाशी आपटले. "या गोळ्यांनीच झालं. होता तो चट्टा गपचूप पडेल होता. बंद कर."

निकिताने सासूकडे पाहिले. जमनीच्या डोळ्यांपुढे मैनाबाईचे तळवे होते, त्यांच्या मधे धरलेला पेला. म्हाताऱ्या वाट बघत होत्या. जमनीने पाकीट उचलले, राख झटकली आणि कमरेला खोचले.

"गाडी काढ," ती शामला म्हणाली.

"याडी, साती..."

"सातीले जे नेयाचं ते चाळीस साल नेलं. तुह्या बायकोचा हात नेला तर मशीन तू चालवशील का? गाडी काढ."

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी कोपराची शीर चाचपली, बोटांत बोटे अडकवून जोर बघितला, आणि त्यांचा चेहरा गंभीर झाला. "गोळ्या बंद केल्या नाहीत ना? बरं झालं. आणि आजच आलात ते त्याहून बरं झालं. अजून पंधरा दिवस घरी काढले असते तर करंगळी तशीच राहिली असती."

जमनीने विचारले, "बाई, लाली कुठून येते?"

डॉक्टरीणबाईंना प्रश्न कळला नाही. मग जमनीने तो हुंकार सांगितला. टोचल्यावर एक श्वास, मग ऊब. त्या लिहिता लिहिता थांबल्या आणि पेन खाली ठेवले.

"हे तुम्हाला कोणी शिकवलं?"

"सासूनं."

"आमच्या जुन्या डॉक्टरांची तपासणी होती ही. टोचायचं आणि लाली बघायची." त्यांनी जमनीचाच हात ओढून घेतला आणि नखाने त्यावर रेघ ओढली. म्हाताऱ्या कातडीवर हळूहळू लाली पसरली. "कातडीत शिरांची, म्हणजे मज्जातंतूंची, बारीक टोकं असतात. दुखलं हे ती मेंदूला सांगतात, ते आपल्याला माहीत आहे. पण त्याच वेळी ती टोकं तिथल्या तिथे काही छोटे रेणू सोडतात. न्यूरोपेप्टाइड म्हणतात त्यांना. त्यांनी रक्तवाहिन्या रुंद होतात, ती तुमची लाली, ती ऊब. आणि कातडीत पहारा देणाऱ्या पेशी असतात, त्यांनाही हे रेणू जागं करतात. त्या पेशी आपल्याकडून रसायनं सोडतात, ती शिरेला जाऊन चेतवतात, म्हणून सुजलेली जागा ठणकते. रक्तातून आणखी पेशी येतात. असं दोघांचं बोलणं चालतं."

"अन् थांबते कसं?"

"तेही यातूनच. काही रेणू भडकवतात, काही शांत करतात. काम झालं की त्याच पेशींना आता पुरे असा निरोप जातो आणि सूज उतरते. हिच्या हातात जंतू शिरेतच जाऊन बसला. टोकं मेली. म्हणून टोचलं तरी लाली नाही." त्यांनी निकिताच्या सुजलेल्या कडेवरून बोट फिरवले. "इतके दिवस हिच्या पेशी जंतूशी पुरत्या लढतच नव्हत्या. गोळ्यांनी जंतू मेले, त्यांचे तुकडे सुटले, आणि सगळ्या पेशी एकदम उठल्या. पण जंतू होता शिरेत. लढाई शिरेच्या आतच चालली आहे. आणि जिने कदाचित पुरे म्हणायला मदत केली असती, ती शीरच दबली आहे. हे शेवटचं मी खात्रीनं नाही सांगत. ते पूर्ण अजून कोणालाच कळलेलं नाही. पण पुरे म्हणायला औषध आहे माझ्याकडे. स्टेरॉइड. रोज, वेळेवर, मी सांगेन तसं कमी करत. आणि आधीच्या गोळ्याही चालू."

जमनी खाली मान घालून बसली होती. "माझ्या सुईनं तर नाही ना झालं कोनाले?"

"हा रोग बहुतेक श्वासातून पसरतो, औषध न घेतलेल्या माणसाकडून. सुई दर माणसाला नवी वापरा म्हणजे झालं." डॉक्टरीणबाईंनी पेन पुन्हा हातात घेतले. "पण तुम्हाला असे आणखी कोणी आठवतात?"

जमनीने नावे सांगितली. जिथे नाव आठवले नाही तिथे गाव सांगितले, आणि जिथे गावही आठवले नाही तिथे हातावर काय काढले ते सांगितले. वाटेत गाडीत घेतलेली बेबीताई दारात उभी राहून लिहून घेत होती. एका माणसाचे जमनीला ना नाव आठवेना, ना गाव. वणीकडून आलेला ट्रकवाला, उजव्या हातावर विंचू, आठ वर्षांपूर्वी. चेहरा नाही, आवाज नाही, नुसता हात. तो विंचू ती बराच वेळ हवेत बोटाने काढत राहिली.

सूज आठ दिवसांत उतरू लागली. करंगळी सावकाश सरळ झाली. दिवाळीपर्यंत अर्धी, पौषापर्यंत जवळजवळ पुरती. निकिता रोज संध्याकाळी ओल्या फडक्याचा पिळा करायची आणि शाम समोर बसून तिच्या पिळ्यातून किती पाणी निघते ते बघायचा. गोळ्यांवरून बोललेले त्याने मागे घेतले नाही, पण वेळेच्या गोळीची आठवण तोच करून द्यायचा.

माघात तिने मशीन पहिल्यांदा बाजारात चालवले. गिऱ्हाईक म्हणजे बिटरगावकडची एक लठ्ठ बाई, मनगटावर नातवाचे नाव घालायला आलेली. निकिताने डाव्या हाताने तिची कातडी ताणली. जमनी शेजारी पोत्यावर बसून सुईकडे नाही, त्या डाव्या हाताकडे बघत होती.

"हळू ओढ ना व," बाई कुरकुरली. "नाव लिहून राह्यली का कातडं सोलून राह्यली?"

"जरा सहन करा, काकू. सैल सोडलं तर तुमचा नातू वाकडा निघीन."

बाई कण्हत हसली. मशीन पुन्हा गुणगुणू लागले. निकिता खाली वाकून रेघ ओढत होती, आणि गुळाच्या दुकानाकडून आलेली एक माशी तिच्या डाव्या हातावर, त्या फिकट जागेवर येऊन बसली. पाय चोळत बसली, चालली, पुन्हा थांबली. निकिताला त्यातले काहीच कळले नाही. तिथली टोके आता परत येणार नाहीत, असे डॉक्टरीणबाईंनी सांगितलेच होते.

जमनीने हात लांब करून माशी उडवली, आणि ती परत येते का हे बघत तो तसाच धरून ठेवला.